एक प्रत बाहेरही असू द्या : कोकणातल्या सार्वजनिक वाचनालयांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालये

सप्रेम नमस्कार.

विनंती आधी सांगतो, कारण मागून. तुमच्या कपाटांत असे काही कागद आहेत, जे दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. स्थानिक साप्ताहिकांच्या बांधीव फायली, शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका, नाटक मंडळींच्या जाहिराती, कुणा घराण्याने विश्वासाने आणून दिलेले मोडी दप्तर, आणि वाचनालयाची स्वतःची जुनी इतिवृत्ते. त्यांच्या डिजिटल प्रती काढा आणि त्यातली निदान एक प्रत आपल्या इमारतीबाहेर, आपल्या तालुक्याबाहेर ठेवा. हे काम एका वर्षात उरकणारे नाही. पण त्याला हात तरी लागावा, म्हणून हे पत्र.

दाखला मात्र देणार आहे तो सातासमुद्रापलीकडचा. ब्रूस्टर केल हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. बिल गेट्स आणि जेफ बेझोस शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. केल त्याच धंद्यातले. इंटरनेटवर कंपन्या काढल्या, विकल्या, पैसा मिळवला. पण त्या पैशाचे त्यांनी जे केले, त्याचा संबंध अमेरिकेतल्या कुठल्याही धनिकापेक्षा तुमच्या-माझ्या वाचनालयाशी जवळचा आहे, असे मला मनापासून वाटते.

केल यांचा जन्म १९६० चा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातून १९८२ साली संगणकशास्त्राची पदवी घेतली. तिथे मार्विन मिन्स्की आणि डॅनी हिलिस यांच्या सहवासात कृत्रिम बुद्धिमत्तेचे धडे गिरवले. पुढे हिलिस यांच्या थिंकिंग मशीन्स या कंपनीत ते ‘कनेक्शन मशीन’ नावाच्या महासंगणकावर काम करत होते. हजारो छोटे प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावणारे ते यंत्र. एवढी ताकद हाताशी आल्यावर तिने काय शोधायचे? केल यांनी मजकूर शोधायचे ठरवले. वर्ल्ड वाइड वेब लोकांपर्यंत पोचायच्या आधी, १९८९ च्या सुमारास, त्यांनी ‘वेस’ ही प्रणाली उभी करायला घेतली. दूरच्या संगणकावर साठवलेल्या लेखांत आपल्याला हवा तो मजकूर इथे बसून शोधता यावा, एवढाच तिचा उद्देश. तिची त्यांनी स्वतंत्र कंपनी केली आणि १९९५ साली अमेरिका ऑनलाइनने ती विकत घेतली.

पस्तिशीत हातात पैसा आला. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कॅलिफोर्नियात बऱ्याच जणांची होती. १९९६ साली मात्र केल यांनी एकाच वेळी दोन संस्था काढल्या, आणि त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म मला या जोडीत दिसते. एक कंपनी नफ्यासाठी. तिचे नाव अलेक्सा इंटरनेट (ॲमेझॉनचे बोलणारे ‘अलेक्सा’ यंत्र ते हे नव्हे), भागीदार ब्रूस गिलियट. दुसरी संस्था ना-नफा, इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे वेबवरची पाने जपून ठेवणारे डिजिटल ग्रंथालय. अलेक्साचे काम संकेतस्थळे धुंडाळून त्यांची माहिती गोळा करण्याचे. वाचक कुठे जातात, कुठले पान कुठल्या पानाशी जुळते, याचा हिशेब ती ठेवी. त्यासाठी वेबवरची पाने उतरवून घ्यावीच लागत. केल यांनी व्यवस्था अशी लावली की कंपनीचे काम झाले की या पानांची एक प्रत आर्काइव्हला द्यायची. धंदा धंद्याच्या जागी, प्रत लोकांची.

१९९९ साली ॲमेझॉनने अलेक्सा विकत घेतली, सुमारे २५ कोटी डॉलर किमतीच्या शेअर्सच्या बदल्यात. मालक बदलला, तरी प्रत देण्याचा रिवाज सुरूच राहिला. पुढे २०२२ च्या मे महिन्यात ॲमेझॉनने अलेक्साची सेवा बंदही केली. कंपनी आली, मोठी झाली, विकली गेली, संपली. तिच्या कमाईतून आणि तिच्या प्रतींतून उभे राहिलेले ग्रंथालय चालू आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे जतन झालेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली.

सुरुवातीची पाच वर्षे हा साठा नुसता जमत होता. टेपांवर भरून ठेवलेली पाने, सर्वसामान्य वाचकाला पाहण्याची सोय नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये ‘वेबॅक मशीन’ सुरू झाले, तेव्हा कुठे कुणालाही जुन्या तारखेचे पान उघडता येऊ लागले. मला या पाच वर्षांचे फार मोल वाटते. कोण वाचणार, कधी वाचणार, हे ठरलेले नसतानाही त्यांनी जपणूक आधी सुरू केली. तुमच्यापैकी अनेक मंडळांत ‘या जुन्या फायली मागतो कोण?’ हा प्रश्न निघतो. आज मागणारा नसेलही. पण उद्या तो आला आणि फाईल नसली, तर त्याला द्यायला आपल्याकडे काहीच उरत नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. काल-परवाच्या लेखनाची ही गत, तर आपल्या १८९० च्या अंकाला कोण विचारतो?

अलेक्सा हे नाव केल यांनी घेतले होते ते इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून. ते ग्रंथालय नष्ट झाले आणि तिथे एकाच ठिकाणी असलेले ज्ञान त्याच्याबरोबर गेले, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवलेली दिसते. २००२ साली अलेक्झांड्रियात नवे ग्रंथालय उघडले, तेव्हा आर्काइव्हने आपल्या पहिल्या पाच वर्षांच्या संग्रहाची पूर्ण प्रत तिथे भेट दिली. ६ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे सान फ्रान्सिस्कोतल्या त्यांच्या स्कॅनिंग केंद्राला आग लागली. सुमारे सहा लाख डॉलरची यंत्रसामग्री जळाली, स्कॅन होण्यासाठी आलेले काही कागदही गेले. डिजिटल संग्रह मात्र वाचला, कारण त्याच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी होत्या. २०१६ मध्ये त्यांनी कॅनडातही एक प्रत ठेवण्याचा संकल्प जाहीर केला.

आता आपल्याकडे या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि गावेच्या गावे छपराविना उरली. वर्षभरात तौक्ते आले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, सावित्रीचे महाडात. १८६४ पासून चालत आलेले चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ च्या पुरातून उठले होते, २०१३ साली त्याने शहाऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवले होते. त्याला २०२१ मध्ये पुन्हा तोच मार सोसावा लागला. महाराष्ट्रभरातून माणसे मदतीला धावली, पुस्तके आली, कपाटे पुन्हा भरली. त्या वाचनालयाच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण देणगीत कुठली पुस्तके येतात? ज्यांच्या हजारो प्रती छापल्या गेल्या, ती. कादंबऱ्या आल्या, चरित्रे आली, शब्दकोश आले. ज्याची एकच प्रत होती ते देणगीत येत नाही, कारण ते देणाऱ्याकडेही नसते.

आणि पूर ही तरी डोळ्यांना दिसणारी आपत्ती. वाळवी आवाज न करता कपाटाच्या पाठीमागून येते. चार महिन्यांचा दमटपणा, किनाऱ्यावरचा खारा वारा, कसर, बुरशी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला वर्तमानपत्री कागद तर स्वतःच आपल्या आम्लाने ठिसूळ होत जातो. घडी उलगडली की तुकडा हातात येतो. डांबराच्या गोळ्या आणि वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथपालांनी जे वाचवले, त्याला आता यापुढे नुसत्या राखणीने आयुष्य मिळणार नाही. माझ्या ओळखीच्या एका गावात, नाव लिहीत नाही, नूतनीकरणाच्या वेळी जागा हवी म्हणून एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली रद्दीत गेल्या. कुणाचा वाईट हेतू नव्हता. काय जात आहे याची यादीच कुणाकडे नव्हती.

काय काय आहे आपल्याकडे! रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ चे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. रत्नागिरीत ‘सत्यशोधक’ हे वृत्तपत्र निघाले ते १८७१ साली. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ साली खोतीविरुद्ध जमिनी न कसण्याचा संप पुकारला, तो वर्षानुवर्षे चालला; त्या चळवळीतल्या नारायण नागू पाटलांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. एवढ्या मोठ्या लढ्याचा रोजचा तपशील, कुठल्या गावात सभा झाली, कोण बोलले, भाताचा भाव काय होता, हे मोठ्या इतिहासग्रंथांत नसते. ते असते साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर. आणि ते तिसरे पान एका वाचनालयात फाटलेले, तर दुसऱ्यात शाबूत असू शकते. जानेवारीचे अंक एकाकडे, मार्चचे दुसऱ्याकडे. मूळ कागद कोणी कुणाला द्यावा असे मी म्हणत नाही. ते आपापल्या ठिकाणीच राहावेत. प्रती एकत्र केल्या तर पुरी फाईल पहिल्यांदा डोळ्यांसमोर येईल.

हापूसचे झाड कोयीपासून जसेच्या तसे येत नाही, म्हणून आपले बागायतदार कलमे बांधत आले. मूळ झाड वादळात पडले तरी त्याचीच फळे शंभर बागांत धरतात. कागदाचीही अशी कलमे बांधायला हवीत.

केल यांच्या संस्थेचा आपल्या मराठी वाचकांवर आधीच एक उपकार आहे, तो इथे नोंदवतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तके डिजिटल करण्याचा प्रकल्प निघाला आणि त्यातून भारतीय संस्थांनी डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया उभारली. तीत जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने होती. पुढे ते सरकारी संकेतस्थळ बंद पडले. तरी ती पुस्तके आज आपण घरबसल्या वाचतो, कारण अमेरिकेतले कार्ल मॅलमूड यांनी त्यांच्या प्रती करून इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या होत्या. पाच लाखांहून अधिक पुस्तकांचा तो संग्रह एका प्रतीमुळे वाचला.

पण ज्याने त्या संग्रहात मराठी पुस्तक शोधले आहे, त्याला त्यातला मनस्तापही ठाऊक आहे. पुस्तकांची नावे रोमन लिपीत, तीही वाटेल तशी लिहिलेली. लेखकाच्या जागी प्रकाशक, खंड दुसरा म्हणून पहिलाच, मधली पाने गायब. असे का झाले? नोंद करणाऱ्याला पुस्तक काय आहे हे ठाऊक नव्हते. इथे तुमच्या ग्रंथपालाचे मोल कळते. कुठल्या साप्ताहिकाचे नाव मध्येच बदलले, कुठले संपादक कुठल्या टोपणनावाने लिहीत, कोणत्या वर्षी दिवाळी अंक निघालाच नाही, हे त्याला किंवा तिला माहीत असते. म्हणून हे काम बाहेरच्या कंत्राटदाराला एकरकमी देऊन मोकळे होऊ नका. कॅमेरा कुणीही धरू दे. नोंद आपल्या माणसाने, देवनागरीत, वर्ष-अंक-तारखेसह करावी.

यंत्राचे म्हणाल तर आर्काइव्हची पद्धत साधी आहे. पुस्तक पुरते सपाट उघडायचे नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पाळण्यात अर्धवट उघडे ठेवायचे म्हणजे पुठ्ठा आणि शिवण तुटत नाही. वरून काच, दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, आणि पाने उलटणारे माणसाचे हात. पाने उलटणारी यंत्रे बाजारात असूनही त्यांनी हे काम माणसाकडे ठेवले, कारण जीर्ण पान कसे धरायचे हे बोटांना कळते. असा पाळणा आपल्याकडचा कुठलाही चांगला सुतार बनवून देईल. पावसाळ्यात मात्र हे काम काढू नका, पाने ओल धरून एकमेकांना चिकटतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वैशाखापर्यंतचा काळ आपला. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरेही याच दिवसांत असतात.

कायद्याची भीती अनेकांनी बोलून दाखवली, आणि ती अनाठायी नाही. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे १९६५ पर्यंत वारलेल्या लेखकांचे असे लेखन २०२६ पासून सर्वांना मोकळे आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अंकांबाबत अडचण येण्याचे कारण नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक तरतूद आली आहे : ज्या ग्रंथाची छापील प्रत आपल्या संग्रहात आहे, त्याची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवण्याची मुभा नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला आहे. जतन करणे वेगळे आणि जगासमोर ठेवणे वेगळे, एवढे भान राखले की झाले.

हे भान केल यांच्याकडून एकदा सुटले, असे माझे मत आहे. करोनाच्या टाळेबंदीत, मार्च २०२० मध्ये, आर्काइव्हने आपल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांवरची ‘एका वेळी एक वाचक’ ही मर्यादा काही काळ उठवली. हेतू निर्मळ होता. पण चार मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला, २०२३ आणि २०२४ च्या दोन्ही निकालांत आर्काइव्ह हरले आणि सुमारे पाच लाख पुस्तके वाचकांच्या हातून गेली. हयात लेखकांच्या पोटाला हात लागेल असे आपण काही करू नये. आपल्याकडे मोकळ्या कागदांचाच ढीग एवढा आहे की पुढची वीस वर्षे तोच पुरेल.

दुसरी सावधगिरी त्यांच्याच एका लढ्यातून शिकण्यासारखी. गुगलने मोठमोठ्या ग्रंथालयांची पुस्तके फुकट स्कॅन करून द्यायला घेतली, तेव्हा त्या प्रतींच्या वापरावर बंधने होती. केल यांनी २००५ मध्ये ओपन कंटेंट अलायन्स ही मोकळ्या प्रतींसाठीची आघाडी उभी केली आणि ग्रंथालयांना सांगितले, खर्च सोसा पण प्रत मोकळी ठेवा. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते ऐकले. उद्या एखादी कंपनी तुमच्याकडेही येईल. करारात प्रतीवर तिचा एकट्याचा हक्क लिहिला असेल, तर सही करू नका. आजोबा-पणजोबांनी आण्या-आण्याची वर्गणी घालून जमवलेला हा ठेवा आहे.

सगळे आर्काइव्हवर टाकून निर्धास्त व्हा, असेही मी सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला, सेवा काही दिवस बंद होती. म्हणून एक प्रत आपल्याकडे, एक दूरच्या तालुक्यातल्या वाचनालयाकडे, एक आर्काइव्हवर. चिपळूणची सावंतवाडीत, महाडची रत्नागिरीत, असे आपसांत ठरवता येईल. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ अंक रद्दीत घालू नका. केल यांनी डिजिटलचा सारा संसार मांडूनही छापील पुस्तके कॅलिफोर्नियातल्या रिचमंड इथे गोदामात जपून ठेवली आहेत.

त्यांच्या मुख्य इमारतीबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ते पूर्वीचे चर्च आहे. प्रार्थनागृहातले बाक तसेच आहेत, भिंतीच्या कोनाड्यात सर्व्हर आहेत, आणि कडेने मातीच्या छोट्या मूर्ती उभ्या आहेत. संस्थेत तीन वर्षे काम केलेल्या माणसांच्या त्या मूर्ती. धनिकाने स्वतःचे नाव भिंतीवर कोरले नाही, पाने उलटणाऱ्यांना उभे केले. आपल्याकडे ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढतो. डिजिटल प्रतीच्या पहिल्या पानावर तरी ती कोणी केली, त्याचे नाव घाला. आणि या कामाचे वेगळे मानधन द्या. शासनाच्या अनुदानात ते बसणार नाही, हे खरे. पण मुंबईतल्या चाकरमान्यांच्या मंडळांनी गावोगावची देवळे आणि शाळा उभ्या केल्या आहेत. एकेका मंडळाकडे एकेका साप्ताहिकाची फाईल घेऊन जा, आणि त्यांच्याच गावची जुनी बातमी वाचून दाखवा. पैसे उभे राहतील, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. आधी यादी करा : आपल्याकडे असलेले, पण दुसरीकडे असण्याची शक्यता नसलेले काय आहे. ती यादी शेजारच्या वाचनालयांना पाठवा, त्यांची मागवा. मग सर्वांत जीर्ण खंडापासून सुरुवात. मोडी वाचणारी माणसे जिल्ह्यात अजून आहेत, त्यांना बोलवा. मी स्वतः कॅमेरा घेऊन दिवाळीनंतरच्या रविवारी यायला तयार आहे, ज्या वाचनालयाचे बोलावणे आधी येईल तिथे आधी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आजीव सभासद, रत्नागिरी जिल्हा